हॉथॉर्न-छाटणी प्रवेशिका (पाहुण्या वडिलांसाठी)

प्रवेशिका कोणासाठी

मुलगी आणि जावई इंग्लंडात स्थिरावले आहेत. बरीच वर्षं लंडनच्या एका उपनगरात काढल्यावर, घरी बसूनही नोकरी करता येते हे दोघांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी श्रॉपशर परगण्यात लडलो गावाबाहेर एक जुनं घर घेतलं. घरामागे दोन एकरांचं कुरण आहे, त्यात शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या चरतात. तुम्ही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहात (किंवा बँकेतून, किंवा वीज मंडळातून, खात्याने काही बिघडत नाही), गुडघे बरे आहेत, साखर आटोक्यात आहे आणि हाताशी सहा महिन्यांचा व्हिसा आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग येते. घर झोपलेलं. तुम्ही आपला आपण चहा करता, कप घेऊन मागच्या दारी येता आणि समोर ते कुंपण दिसतं. तीन पुरुष उंच, काटेरी हॉथॉर्नचं, ब्रॅम्बलच्या वेलींनी गुरफटलेलं, जागोजागी कुरणात घुसलेलं. "हे कुणीतरी साफ करून घ्यायला पाहिजे," असं तुमच्या मनात येतं.

नोकरीत असताना या 'कुणीतरी'चा अर्थ कंत्राटदार असा होत असे. इथे तो तुम्ही असा होतो. पुढची माहिती त्या दृष्टीने वाचावी.

मुहूर्त

यंत्राआधी तारीख बघायची. मराठी आईवडील इंग्लंडात साधारण एप्रिलच्या मध्याला येतात आणि गणपतीला, नाहीतर नवरात्राच्या आत परततात. दिवस मोठा, हवा बरी, नातवंडांना जुलैअखेर सुट्टी, असा त्यामागचा हिशोब. आणि इंग्लंडात शेतजमिनीवरचं कुंपण छाटायला बंदी आहे ती १ मार्च ते ३१ ऑगस्ट. दोन्ही वेळापत्रकं इतकी जुळतात, की नियम करणाऱ्यांनी आधी आपल्या मंडळींची तिकिटं मागवून पाहिली असावीत. खरं कारण पक्ष्यांचं आहे. या महिन्यांत कुंपणात घरटी असतात. पूर्वी ही बंदी युरोपीय संघाच्या शेती अनुदानाची अट म्हणून पाळली जायची. ब्रेक्झिटनंतर २०२३ अखेर ती अट संपली, तेव्हा २०२४ साली तिची स्वतंत्र नियमावली केली गेली.

घराभोवतीच्या बागेला ही नियमावली लागू नाही, हे तुम्ही दोन दिवसांत शोधून काढाल. खात्यात काढलेली वर्षं वाया जात नाहीत. पण १९८१ चा वन्यजीव कायदा बागेलाही लागू आहे. नांदतं किंवा बांधलं जात असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा त्याखाली गुन्हा. डनक नावाचा तपकिरी पक्षी चिमणीएवढा असतो, हॉथॉर्नच्या आत चार निळी अंडी घालून बसतो आणि बाहेरून अजिबात दिसत नाही. 'मला दिसलं नाही' हे उत्तर एकदाच चालतं. शेजारीण पक्षीनिरीक्षक असेल तर तेवढंही नाही.

तेव्हा काम करायचं असेल तर दिवाळी आटोपून या. नोव्हेंबरात पानगळ झालेली असते, झाडातला रस उतरलेला असतो, काटे स्पष्ट दिसतात. स्कँडिनेव्हियातून आलेले फिल्डफेअर आणि रेडविंग पक्षी हॉथॉर्नची लाल फळं वेचत असतात, तेवढी संपू द्यायची आणि मग सुरुवात करायची. चारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे दमण्याचा प्रश्न फारसा येत नाही. मुलगी फोनवर म्हणेल, "बाबा, ऐन थंडीत कशाला येताय?" तिला खरं कारण सांगू नका.

पहिली खेप पाहणीची, दुसरी कामाची. सरकारी कामाला याहून जास्त लागतात.

पाहणी

उन्हाळ्यात कुंपणाला कोयता लावायचा नाही, पण वाकून बघायला बंदी नाही. आणि वाकूनच बघायचं आहे, कारण माजलेल्या कुंपणाचं दुखणं वर नसतं.

आधी थोडा इतिहास, कारण संध्याकाळी जावयाला सांगायला काहीतरी लागतं. अंदाजे १७५० ते १८५० या शंभर वर्षांत ब्रिटिश संसदेने हजारो कायदे करून गावोगावची सामायिक कुरणं आणि मोकळी शेतं वाटून टाकली. ज्याच्या वाट्याला जमीन आली त्याने ती ठरावीक मुदतीत कुंपणबंद करायची, अशी सक्ती असायची. सर्वांत स्वस्त आणि लवकर वाढणारं काटेरी झाड म्हणून हॉथॉर्नची रोपं लाखांनी लावली गेली. ज्या माणसाची एकच गाय सामायिक कुरणात चरायची, ती त्या रोपांच्या बाहेर राहिली. या वाटणीमुळेच तुमच्यासमोरची ओळ इतकी सरळ आहे. ती माळ्याने आखलेली नाही, मोजणीदाराने आखली आहे.

तुमचं कुंपण त्याहून जुनं असेल तर ते कळायची एक रीत आहे. मॅक्स हूपर या संशोधकाने मांडलं, की कुंपणाचा तीस यार्डांचा तुकडा घ्यावा, त्यात झाडाझुडपांच्या किती जाती आहेत त्या मोजाव्यात, आणि जातीमागे साधारण शंभर वर्षं धरावीत. ब्रॅम्बल आणि आयव्ही धरायचे नाहीत. या आडाख्यावर पुढे बरेच आक्षेप आले आणि तो सगळीकडे लागू पडत नाही, पण निवृत्त माणसाला सकाळी करण्यासारखं काम म्हणून त्याला तोड नाही. वही न्यावी. निव्वळ हॉथॉर्न आणि मधूनच एखादा ॲश सापडला तर कुंपण वाटणीच्या काळातलं. हेझल, मेपल, डॉगवूड, स्पिंडल अशी भरती दिसली तर वही मिटावी आणि घरच्यांना सांगावं, की हे आपल्या छत्रपतींच्याही आधीचं असू शकेल. यंत्राचा विचार काही दिवस आपोआप थांबतो.

मे महिन्यात ओळीच्या ओळी पांढऱ्या फुलांनी भरून जातात. एखादी फांदी फुलदाणीत लावावी असं सौभाग्यवतींना वाटेल, अडवावं. इंग्रज लोक ही फुलं घरात आणणं अपशकुनी मानतात. शिवाय त्यांत ट्रायमिथिलअमीन असतं, जे मासा शिळा होऊ लागला की सुटतं. मालवणकडच्या मंडळींना वास ओळखता येईल आणि भूकही लागेल, पण श्रॉपशरमध्ये त्या भुकेवर उपाय नाही.

आता वाका. वर इतकं घनदाट असलेलं कुंपण खाली जवळजवळ रिकामं आहे. दोन-अडीच फुटांपर्यंत नुसती उघडी खोडं, मांडीएवढी जाड, मधे मेंढी आरामात जाईल एवढ्या फटी. हॉथॉर्न मुळात झाड आहे. त्याला मोकळं सोडलं की ते झाड व्हायला लागतं, शेंड्याकडे धावतं आणि खालच्या फांद्या सावलीत मरतात. कुंपण राहायचं असेल तर दर पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी त्याला आडवं पाडून खालून नवे धुमारे आणावे लागतात. हे करणारी माणसं दोन महायुद्धांच्या काळात शेतावरून गेली, त्यांच्या जागी काटेरी तार आली, आणि युद्धानंतर तर कुंपणं उपटून शेतं मोठी करायला सरकार अनुदान द्यायचं. तुमच्या मुलीच्या वाट्याला आलेलं कुंपण उपटायचं राहिलं आणि सांभाळायचंही राहिलं.

दुखणं खाली आहे हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे भेटणारं जवळपास प्रत्येक यंत्र वरच्या भागाचं काम करतं.

यंत्रं

सवयीने तुम्ही तीन कोटेशनं मागवाल. हरकत नाही, पण आधी यादी वाचा.

बॅटरीवर चालणारा हेज ट्रिमर जावयाकडे आहेच, अजून खोक्यातून काढलेला नाही. तो करंगळीएवढ्या काडीपर्यंत चालतो. लंडनच्या उपनगरातल्या प्रिव्हेटच्या कुंपणाला तो ठीक होता. इथे तो खोक्यातच बरा.

ब्रश कटर लागेल. आपल्याकडे गवत कापायला वापरतात तोच, फक्त दोरीऐवजी पातं लावलेला. बुडाशी माजलेलं ब्रॅम्बल आणि खाजकुयलीचं काम करणारं नेटल त्याने काढायचं. पण त्याच्याही आधी पक्कड घ्या. जुन्या कुंपणाच्या पोटात तार असते. एका पिढीने लावली, दुसरीने तिच्यावर दुसरी मारली, आणि खोडाने दोन्ही गिळून वर साल चढवली. फट बुजवायला त्या काळी हाताला येईल ते खुपसलेलं असतं. लोखंडी पलंगाचं उशाकडचं जाळीदार पाखं हा त्यातला लोकप्रिय प्रकार. सीमेपलीकडच्या वेल्समध्ये तर तो इतका दिसतो, की तिथले लोक झोपत कशावर असतील असा प्रश्न पडतो. फिरतं पातं या ऐवजावर आदळलं की काय होतं ते पाहण्यात शिकण्यासारखं काही नाही. तार दिसेल तिथे कापा, न दिसेल तिथे आहे असं समजा.

चेनसॉ. हे यंत्र दुकानात कुणालाही विकत मिळतं आणि तीच त्यातली अडचण आहे. हॉथॉर्नचं लाकूड कठीण, खोडं एकमेकांत अडकून वाकलेली, त्यामुळे प्रत्येक फांदीत ताण भरलेला असतो. ताणाच्या चुकीच्या बाजूने कापलं तर खोड उभं चिरतं आणि उसळून अंगावर येतं. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर करवत चालवणाऱ्याकडेच झेप घेते. यासाठी खास विजार मिळते. तिच्या अस्तरात लांब धाग्यांचे थर असतात; साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि करवत पाय गाठायच्या आत थांबते. शिरस्त्राण, जाळी, कानपट्टी, बूट, हातमोजे आणि ही विजार घालून तुम्ही स्वयंपाकघरात आलात, की पुढचा संवाद आमच्या कक्षेत येत नाही. एकदोन दिवसांचं प्रशिक्षण जवळपासच्या कृषी महाविद्यालयात मिळू शकतं. ते केल्याशिवाय करवतीला हात लावू नका. प्रशिक्षण झाल्यावर बहुतेकांची हात लावायची इच्छा बरीच कमी झालेली असते, हा प्रशिक्षणाचा फायदाच.

आता फ्लेल. गावात चौकशी केलीत तर सगळे पहिल्यांदा हेच सांगतील. ट्रॅक्टर, त्याला हायड्रॉलिक हात, हाताच्या टोकाला एक डबा, आणि डब्यात गरगर फिरणाऱ्या रुळावर टांगलेली डझनावारी पाती. असे हात बनवणारी मॅकॉनेल ही कंपनी खुद्द लडलोचीच, त्यामुळे इथे फ्लेलविषयी वाईट बोलताना आवाज खाली ठेवावा. चालवणारा गडी उबदार केबिनमध्ये रेडिओ ऐकत बसतो आणि तुमचं अख्खं कुरण जेवायच्या आत फिरून येतो. दरवर्षी किंवा दोन-तीन वर्षांनी छाटल्या जाणाऱ्या कुंपणाला हे उत्तम यंत्र आहे. कोवळी, बोटभर जाडीची वाढ ते बारीक करून तिथेच टाकतं, उचलायला काही उरत नाही.

पण मांडीएवढ्या खोडाला फ्लेल कापत नाही, ठेचतो. उभे तंतू फाटून बाहेर येतात, पाणी शिरतं, रोग शिरतो. पुन्हा पुन्हा एकाच उंचीवर ठेचलं की तिथे गाठींची रांग तयार होते, वर झाडूसारखा झुपका आणि खाली तेच जुनं रिकामपण. कुंपण आता बुटकं आणि चौकोनी दिसतं, मेंढ्या पूर्वीसारख्याच खालून जातात. आणि रस्त्याच्या बाजूला सांडलेले काटे सायकलवाल्यांची वाट बघतात. रविवारी सकाळी चकचकीत कपड्यांतले पाच-सहा इंग्रज रस्त्याकडेला ट्यूब बदलताना दिसले, तर त्या दिवशी फिरायला दुसऱ्या दिशेने जावं.

त्याच हाताला फ्लेलऐवजी गोल करवतींची पट्टी लावता येते. ती जाड फांद्याही स्वच्छ कापते, वाढलेल्या बाजू आत घ्यायला चांगली. फक्त कापलेलं सगळं अखंड खाली पडतं आणि ते उचलायला माणूस लागतो. माणूस कोण, ते वर आलंच आहे.

जेसीबी

हा स्वतंत्र भाग आहे, कारण तुम्ही यादी सुरू होण्याआधीच मनाने इथे पोचलेले होता.

जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. या गृहस्थाने १९४५ साली शेजारच्या स्टॅफर्डशरमध्ये एका गॅरेजात कामाला सुरुवात केली. आज कंपनीचं मुख्यालय त्याच परगण्यातल्या रोसेस्टर गावात आहे, आणि एक कारखाना आपल्या तळेगावला. पण यंत्राचं खरं चीज महाराष्ट्राने केलं. इंग्लंडात जेसीबी निव्वळ खणतो. आपल्याकडे तो निवडून आलेल्या उमेदवारावर गुलाल उधळतो, नेत्यांवर फुलं पाडतो, आणि नुसतं खोदत असला तरी भोवती गर्दी जमवतो. असं यंत्र त्याच्या माहेरी जाऊन भाड्याने घ्यायचं, ते आपल्या देखरेखीखाली चालवून घ्यायचं, हात मागे बांधून उभं राहायचं आणि मधूनमधून ऑपरेटरला 'अजून थोडं डावीकडे' अशी खूण करायची, हा मोह निवृत्त माणसाला अनावर असतो. आम्ही त्याची टिंगल करत नाही.

तरी वाचा. बकेटने मुळासकट उपटलं तर ती छाटणी राहत नाही, ते कुंपण काढून टाकणं होतं. त्याला १९९७ ची कुंपण नियमावली लागते. वीस मीटरहून लांब असं शेतजमिनीचं कुंपण काढायचं तर आधी स्थानिक नियोजन प्राधिकरणाला लेखी कळवायचं. कुंपण तीस वर्षांहून जुनं असेल आणि इतिहास किंवा वन्यजीवांच्या कसोट्यांवर 'महत्त्वाचं' ठरलं, तर ते काढू देत नाहीत. न विचारता काढलं तर दंडाला कमाल मर्यादा नाही, आणि वर नवं लावून द्यावं लागतं.

प्राधिकरणाने ४२ दिवसांत उत्तर दिलं नाही तर काय, असं तुम्ही विचाराल. तर परवानगी आहे असं समजून काम करता येतं. हे वाक्य आमच्या माहितीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तीन वेळा वाचलं आणि चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. कार्यालयाच्या मौनाचा अर्थ होकार असा धरणारं सरकार जगात असू शकतं, हे पचवायला वेळ लागतो. पण याच्या भरवशावर राहू नये. इथली कार्यालयं बेचाळीस दिवसांच्या आत उत्तर देतात, आणि ते उत्तर तुमच्या हूपरच्या वहीतूनच निघण्याचा संभव असतो.

छोट्या खोदयंत्राला कात्रीसारखा जबडा लावून खोडं जमिनीलगत कापणं ही मात्र वेगळी गोष्ट. मूळ शाबूत राहतं, वसंतात बुंध्यातून डझनभर धुमारे फुटतात, कुंपण नव्याने उभं राहतं. खोडं फारच जाड झाली असतील, वाकायच्या पलीकडे गेली असतील, तर हाच खरा उपाय. मधल्या फटींत हॉथॉर्नची नवी रोपं लावायची, मीटरला पाच, दोन ओळींत एकाआड एक. सशांपासून जपायला प्रत्येकाला प्लॅस्टिकची नळी घालायची. एक-दोन हिवाळे कुरण उघडंबोडकं दिसेल आणि मुलगी रोज खिडकीतून बघून काही बोलणार नाही. ते सोसायची तयारी ठेवा.

हद्द

कुंपणापलीकडे चर असतो. तो कुणाचा, हे काम सुरू करण्याआधी माहीत असावं. इंग्लिश न्यायालयांचं गृहीतक असं: माणूस आपल्या जमिनीच्या अगदी कडेला चर खणतो, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरत नाही, माती आपल्याच बाजूला टाकतो, आणि त्या मातीच्या बांधावर कुंपण लावतो. म्हणजे कुंपण तुमच्या बाजूला आणि चर पलीकडे असेल तर हद्द चराच्या पलीकडच्या काठावर, कुंपणाच्या मध्यावर नव्हे. १८१० सालच्या एका निकालात हे आलं आणि १९९९ साली एक प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन तेच पक्कं झालं. बांधाची चार फूट जमीन लॉर्ड्सपर्यंत नेणारे लोक पाहिले, की परदेशात असल्याची भावना एकदम निवळते.

शेजाऱ्याला चहाला बोलवा. सौभाग्यवतींच्या हातची चकली ठेवा. चराचा विषय तुम्ही काढू नका, तो काढेल.

कोयता

आता तुमच्या खऱ्या साधनाकडे. इथे त्याला बिलहुक म्हणतात आणि दर परगण्याचा आकार वेगळा: यॉर्कशरचा लांब दांड्याचा, दोन्ही बाजूंना धार असलेला, लेस्टरशरचा वेगळा, वेल्सकडचे लॅन्डायलो आणि नाइटन आणखी वेगळे. दुकानात पाहिल्याबरोबर तुमचा चेहरा उजळेल, कारण हा आपलाच कोयता आहे, आकडीचा बाक थोडा इकडेतिकडे. जुना, हातघडाईचा मिळाला तर तोच घ्या. आणि गाडीच्या डिकीत, गुंडाळून ठेवा. सबळ कारणाशिवाय पातं घेऊन सार्वजनिक ठिकाणी हिंडणं हा इथे गुन्हा आहे. कोयता हाती घेऊन बसने आलेल्या पुणेकराचं म्हणणं इथला पोलीस ऐकून घेईल, पण ठाण्यात.

कामाची रीत अशी. एका टोकाने सुरू करा. उतार असेल तर वरच्या टोकाने, कारण खोडं चढाकडे पाडायची असतात. पहिल्या खोडाच्या बाजूच्या आणि आडव्यातिडव्या फांद्या साफ करा. मग जमिनीच्या अगदी जवळ, वरून खाली तिरपा, लांब घाव घाला. खोड जवळजवळ पूर्ण कापायचं पण तोडायचं नाही. साल आणि तिला चिकटलेलं थोडंसं लाकूड एवढीच पट्टी उरली, की खोड आपणहून कलायला लागतं. ते हलकेच आडवं करा, शेजारच्यावर टेकवा. त्या पट्टीतून रस चढत राहतो आणि आडवं पडलेलं झाड वसंतात पानं धरतं. ज्यांनी आयुष्यभर धरणातल्या पाण्याचे हिशोब केले त्यांनाही एवढ्याशा पट्टीतून अख्खं झाड जगतं यावर पहिल्या वर्षी विश्वास बसत नाही.

मागे उरलेला बुंध्याचा खुंट तिरपा, गुळगुळीत कापा. पाणी साचता कामा नये. सगळी मेहनत या खुंटासाठी आहे: नवे धुमारे इथून, जमिनीलगत फुटतात, आणि खालची ती फट बुजते जी वरून फिरलेल्या एकाही यंत्राने बुजवली नव्हती.

मग हातभर अंतरावर खुंट्या ठोका. मोजपट्टी शोधू नका. इथले कारागीरही कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच मोजतात. वरून हेझलच्या लांब फोका पिळून वेणी घाला, म्हणजे सगळं एकसंध राहतं. मिडलंड्सच्या पद्धतीत फांद्यांचा झुपका गुरांच्या बाजूला ठेवतात, बैलाने अंग टेकवलं तर टोचावं म्हणून. वेल्सकडे मेंढ्यांसाठी दोन्ही बाजूंना ठेवतात. तुम्ही सीमेवर आहात. ज्याच्या मेंढ्या त्याला विचारा.

दोन माणसं हवीत, एक वाकवायला आणि एक कापायला. ऊसतोडीच्या हिशोबात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पण सौभाग्यवती त्या दिवशी लडलोच्या बाजारात असतील, त्यामुळे शेजाऱ्याकडे बघा.

कामाचं माप चेनमध्ये. एक चेन ६६ फूट. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे दोन गुंठ्यांची ओळ. बरं कुंपण असेल तर कसलेला माणूस दिवसाला एवढं करतो. नवशिक्याने सकाळी सुरुवात करून अंधार पडेपर्यंत दोन वाव केलं तरी ऐटीत घरात यावं. असे कसलेले लोक शोधायचे असतील तर १९७८ साली स्थापन झालेली त्यांची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या स्पर्धा भरतात, आणि राजे चार्ल्स यांना स्वतः हे काम करायची आवड आहे. ही माहिती सौभाग्यवतींच्या कानावर घालावी. चेनसॉच्या विजारीवरून झालेल्या संवादाची तीव्रता कमी होते.

किरकोळ

हातमोजे कोपरापर्यंतचे, जाड चामड्याचे. काटा ट्रॅक्टरच्या टायरमधून, रबरी बुटातून आणि चपलेतून, या क्रमाने वाढत्या सहजतेने जातो. बोटाच्या सांध्यात मोडून राहिला तर सांधा महिनोन्महिने सुजलेला राहू शकतो. 'हळद लावली आहे' म्हणून विषय संपवू नका, डॉक्टरला दाखवा आणि धनुर्वाताची सुई झाली आहे का ते आधीच बघून या.

छाटलेल्या काट्यांचा ढीग लगेच पेटवू नका. थंडीत त्यात हेजहॉग शिरून झोपतो. पेटवायचा त्याच दिवशी ढीग दुसऱ्या जागी हलवून मगच काडी लावा. जाड लाकूड मात्र ठेवून द्या, हॉथॉर्न चुलीत फार चांगलं जळतं.

कुरणाच्या मधोमध एकटंच हॉथॉर्न उभं असेल तर त्याला हात लावू नका. श्रॉपशरमध्ये कुणी काही म्हणणार नाही, पण समुद्रापलीकडे आयर्लंडात असं झाड म्हणजे परींचं ठाणं. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून इथे मोठा रस्ता नेताना असंच एक झाड वाटेत आलं. कथाकथनकार एडी लेनिहन यांनी वर्तमानपत्रांतून मोहीम चालवली आणि झाड वाचवून रस्ता झाला. मुंजाच्या पिंपळाला वळसा घालणारे रस्ते ज्यांनी आखले आहेत, त्यांना यात नवीन काही सांगायची गरज नाही. पुढे कुणीतरी रात्री येऊन करवतीने त्या झाडाच्या फांद्या छाटल्या. ते पुन्हा फुटलं.

नंतरची देखभाल

फ्लेलवाल्याला इतकी वर्षं टाळलंत, त्याला आता बोलवायचं. नवं कुंपण दाट झालं की दर तीन वर्षांनी एकदा, सगळ्या बाजू एकाच वर्षी न घेता आलटूनपालटून. हॉथॉर्नला फुलं येतात ती आदल्या वर्षीच्या फांदीवर. दरवर्षी छाटलं तर फुलंही नाहीत, फळंही नाहीत आणि हिवाळ्यात पक्षीही नाहीत. दर वेळी आधीपेक्षा हातभर वर कापायला सांगा, नाहीतर गाठींची रांग पुन्हा सुरू. तो 'हो' म्हणेल आणि रेडिओचा आवाज वाढवेल.

पहिली दोन-तीन वर्षं मेंढ्यांना दूर ठेवणं सर्वांत महत्त्वाचं, कारण कोवळा धुमारा त्यांना फार आवडतो आणि तुमचं सगळं काम एका दुपारी खाऊन होतं. त्यासाठी नव्या कुंपणाच्या आत, थोडं अंतर सोडून, विजेच्या तारेचं तात्पुरतं कुंपण घालायचं. त्याची निवड आणि जोडणी हा वेगळ्या प्रवेशिकेचा विषय आहे. तूर्त, चालू आहे की बंद हे नातवंडांना हात लावून बघायला सांगू नका. स्वतःही बघू नका. दुकानात त्यासाठी छोटा टेस्टर मिळतो, तो जावयाच्या यादीत लिहा.